पट्ट्यांचा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा घ्यावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत: रबरी पट्ट्यांचे ट्रॅक्टर, आणि त्यातला कोणत्या कंपनीचा चांगला. मी अनेक वर्षं या यंत्रांखाली आडवं होऊन रोलर (पट्ट्याला आतून जमिनीवर दाबून धरणारी छोटी चाकं) आणि बेअरिंगं बदलली आहेत. त्यामुळे ट्रॅक्टर पाहताना माझी नजर आधी पट्ट्याकडे जाते, मग गिअरपेटीकडे, मग इंजिनाकडे. उत्तरंही त्याच क्रमाने देते.

प्रश्न: नमस्कार ताई. आमची जमीन भारी, काळी, चिकण आहे. शेतं सलग आणि लांब आहेत. चाकांचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत रुततो, म्हणून ५०० अश्वशक्तीच्या आसपासचा पट्ट्यांचा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आहे. केस आयएचचा क्वाडट्रॅक, जॉन डीअरचा ९ आरएक्स, फेंटचा ११०० व्हॅरिओ एमटी आणि क्लासचा ॲक्सिऑन टेरा ट्रॅक असे चार पर्याय समोर आहेत. प्रत्येक विक्रेता आपलाच पट्टा सरस म्हणतो. तुम्ही काय घ्याल?

तुमच्या जमिनीसाठी मी चार पट्ट्यांचा, कमरेत वळणारा ट्रॅक्टर घेईन. म्हणजे क्वाडट्रॅक किंवा ९ आरएक्स. या दोघांत निवड करताना ज्याचा मेकॅनिक हंगामात लवकर पोचतो आणि ज्याच्या गोदामात रोलर, आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक) आणि एखादा जादा पट्टा तयार असतो, त्याला कौल देईन.

तुमच्या यादीत चार नावं असली तरी रचना तीन आहेत, आणि खरी तुलना रचनेची करायची असते.

क्वाडट्रॅक आणि ९ आरएक्स एका जातीचे. सांगाडा मधोमध सांध्यावर वळतो आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी आकाराचा एकेक पट्टा असतो. वरचं मोठं चाक पट्टा फिरवतं, खालचा भाग जमिनीवर टेकतो. क्वाडट्रॅक १९९६ पासून बाजारात आहे. जॉन डीअरने ९ आरएक्स २०१५ मध्ये, म्हणजे जवळपास दोन दशकांनी आणला. एवढी वर्षं एकच मांडणी सुधारत राहिल्याचा फायदा केस आयएचला मिळाला आहे: जुने क्वाडट्रॅक खूप आहेत, त्यांचे सुटे भाग बनवणारे बरेच आहेत आणि त्यांच्या खोडी जाणणारे कारागीरही आहेत. ९ आरएक्सची केबिन आणि त्यातली दिशादर्शक यंत्रणा मला जास्त आवडते. तुमच्याकडे आधीपासून जॉन डीअरची पेरणी यंत्रं असतील, तर नोंदी आणि नकाशे एकाच पडद्यावर येतात. ही सोय रोजची आहे, तिला कमी लेखू नका.

फेंटचा एमटी दोन लांब पट्ट्यांवर चालतो. त्याचं घराणं जुनं आहे. कॅटरपिलरने १९८७ मध्ये चॅलेंजर ६५ आणला, रबरी पट्ट्यांचा शेती ट्रॅक्टर तिथून रुळला. २००२ मध्ये ही मालिका फेंटची मालक कंपनी ॲगकोकडे गेली आणि पुढे तिच्यावर फेंटचं नाव आलं. फेंटने त्यात आपली पायऱ्या नसलेली व्हॅरिओ गिअरपेटी बसवली. ओढीचा भार सारखा कमीजास्त होत असेल, तर ही गिअरपेटी इंजिनाला योग्य फेऱ्यांवर ठेवते आणि चालकाचे श्रम वाचवते. तुमची माती हलकी, निचऱ्याची असती तर मी एमटीला पहिली पसंती दिली असती. ओल्या चिकणमातीत मात्र त्याचा पट्टा घर्षणावर फिरतो ही गोष्ट आड येते. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

ॲक्सिऑनला मागे पट्टे आणि पुढे चाकं आहेत. यंत्र उत्तम आहे, पण ५०० अश्वशक्तीच्या कामाला ते पुरणार नाही आणि ओल्या रानात पुढची चाकं रुततीलच.

आणखी एक. कोणी न्यू हॉलंडचा टी ९ स्मार्टट्रॅक्स पुढे केला, तर तो क्वाडट्रॅकचा सख्खा भाऊ आहे हे लक्षात असू द्या. दोन्ही सीएनएच या एकाच समूहाचे. तिथे यंत्राची तुलना फारशी करू नका, दोन विक्रेत्यांच्या सेवेची करा.

प्रश्न: मी भाड्याने कामं करतो. शेतं विखुरलेली आहेत, रोज बराच रस्ता तोडावा लागतो. पट्टे घेतले तर चालतील का?

रोजच्या कामाचे तास मोजा. त्यातला मोठा भाग डांबरी रस्त्यावर जात असेल, तर पूर्ण पट्ट्यांचा ट्रॅक्टर घेऊ नका. रस्त्यावर पट्टा दोन प्रकारे झिजतो. बाहेरचे खूर, म्हणजे मातीत रुतणारे रबरी उंचवटे, घासले जातात हे सगळ्यांना दिसतं. आत मात्र मार्गदर्शक दात (पट्टा जागेवर ठेवणारे रबरी दात) रोलरच्या कडांना घासून तापतात. रबर आतून तापलं की त्याचे तुकडे उडू लागतात. भरलेलं अवजार मागे उचलून, उन्हात, पूर्ण वेगाने लांब जाणं ही पट्ट्याला मिळणारी सगळ्यात वाईट वागणूक आहे.

तुमच्यासाठी ॲक्सिऑन टेरा ट्रॅक ही मधली वाट आहे. मागच्या पट्ट्यांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, ताशी ४० किलोमीटरने तो स्थिर चालतो, आणि पुढे चाकं असल्यामुळे वळताना रस्ता किंवा माती खरवडत नाही. तरीही मी आधी दुसरा हिशेब करायला सांगेन: रुंद, कमी दाबावर चालणारे टायर आणि केबिनमधून हवा कमीजास्त करण्याची सोय. रानात हवा कमी, रस्त्यावर जास्त. बऱ्याच भाडेकामांना एवढं पुरतं, आणि टायर फाटला तर एकच बदलावा लागतो.

प्रश्न: घर्षणावर फिरणारा पट्टा आणि दातात अडकून फिरणारा पट्टा यांत नेमका फरक काय? दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवतात.

प्रश्न फार चांगला आहे. कंपन्यांची निवड याच्यावरच ठरावी असं मला वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

घर्षणाच्या पद्धतीत चालक चाकावर रबराचा थर असतो. पट्टा त्या चाकावर अतिशय जोरात ताणलेला असतो आणि केवळ पकडीवर फिरतो. पट्ट्याच्या आतले दात फक्त तो जागेवरून सरकू नये म्हणून असतात. चॅलेंजर आणि आजचा फेंट एमटी या पद्धतीचे. फायदा असा की दातांवर ओढीचा भार येत नाही, चाल मऊ असते, आवाज कमी. तोटा ताणात आहे. तो ताण सतत बेअरिंगांवर, आयडलरवर आणि पट्ट्यातल्या पोलादी तारांवर बसतो. शिवाय पट्ट्याच्या आत ओला चिखल शिरला की पकड सुटते, चाक फिरतं आणि पट्टा मागे राहतो. चाकावरच्या खाचा चिखल बाहेर टाकण्यासाठीच असतात, आणि बऱ्याच मातीत त्या आपलं काम करतात. चिकणमाती मात्र खाचाही भरून टाकते.

दुसऱ्या पद्धतीत चालक चाकाला आडव्या दांड्या असतात. पट्ट्याचे दात त्यांत अडकतात आणि ओढले जातात. क्वाडट्रॅक आणि जॉन डीअरचे पट्टेवाले ट्रॅक्टर असे चालतात. इथे ताण कमी लागतो आणि चिखलात चाक पट्ट्याआत घसरत नाही. पण सगळी ओढ दातांवर येते. दात झिजले किंवा तुटले की पट्टा बाहेरून नवा दिसत असला तरी संपलेला असतो. जड अवजार, कमी वेग आणि कोरडी वाळू असं एकत्र आलं की दात झपाट्याने झिजतात, कारण वाळू दांडी आणि दात यांच्यामध्ये दळली जाते.

म्हणून माझं म्हणणं असं: ओली चिकण माती, तर दातांचा पट्टा. कोरडी, वाळूमिश्रित जमीन आणि लांब सरळ ओळी, तर घर्षणाचा.

घर्षणाचा घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. नवा पट्टा पहिले काही तास हलक्या ओढीवर, धुळीच्या रानात चालवा. आतल्या दातांवर धुळीचा कोरडा थर बसला की ते कमी तापतात. आणि पट्ट्याची रेषा, म्हणजे तो चाकांवर सरळ धावतो का, तपासत राहा. एका बाजूचे दात चकचकीत आणि दुसऱ्या बाजूचे खरखरीत दिसले, तर रेषा बिघडली आहे. ती त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, हंगाम संपायची वाट पाहू नका.

प्रश्न: दोन पट्टे घ्यावेत की चार? चार म्हणजे दुप्पट खर्च ना?

पट्टे, रोलर, आयडलर, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) हे सगळं दुप्पट, हे खरं. देखभालीचा वेळही जवळपास दुप्पट. तो वेळ द्यायची तयारी नसेल तर चारच्या वाटेला जाऊ नका.

चार पट्ट्यांचं मोल वळताना कळतं. दोन पट्ट्यांचा ट्रॅक्टर एक पट्टा जास्त आणि दुसरा कमी वेगाने फिरवून वळतो. मागे जड अवजार जमिनीत असेल तर ते या वळण्याला विरोध करतं, आणि भुसभुशीत मातीत पट्टा आडवा सरकून कडेला मातीचा वरंबा उठवतो. शेताच्या टोकाला हे वरंबे साठत जातात, आणि तिथली उगवण विरळ होते. कमरेत वळणाऱ्या ट्रॅक्टरचे चारही पट्टे वळतानाही पुढेच ओढत राहतात. बांध किंवा खोल सरी ओलांडतानाही फरक जाणवतो: दोन पट्ट्यांचा ट्रॅक्टर माथ्यावर तोल साधतो आणि एकदम पुढे आपटतो, चार पट्ट्यांचा एकेक पट्टा वाकवत उतरतो.

ओळीतल्या पिकात काम असेल तर तिसरा पर्याय आहे, जॉन डीअरचा ८ आरएक्स. सांगाडा अखंड, पुढचे पट्टे चाकांसारखे वळतात. २०२० च्या मालिकेत तो ३१० ते ४१० अश्वशक्तीत आला. अरुंद पट्टे लावून ओळींमधून जाता येतं आणि टोकाला वरंबे उठत नाहीत. कोळपणी, खत देणं, पेरणी अशी मिश्र कामं असणाऱ्यांना मी हा मनापासून सुचवते. फक्त वर्षभर जड नांगरटच करायची असेल तर तो घेऊ नये.

प्रश्न: पट्ट्यांचा ट्रॅक्टर जमीन दाबत नाही, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. हे खरं आहे का?

दाबतो. वेगळ्या तऱ्हेने दाबतो, एवढंच.

साधा हिशेब करा. १८ टनांचा दोन पट्ट्यांचा ट्रॅक्टर घ्या. प्रत्येक पट्टा ६० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीवर अडीच मीटर टेकलेला. दोन्हींचं मिळून ३ चौरस मीटर क्षेत्र. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ६०० ग्रॅम भार. एवढ्याच वजनाच्या चाकांच्या ट्रॅक्टरचा भार पुष्कळ लहान क्षेत्रावर येतो, त्यामुळे वरच्या थरात पट्ट्याचा फायदा निश्चित आहे. पण माहितीपत्रकात छापलेली ही सरासरी असते. प्रत्यक्षात रोलरखाली दाब वाढतो, दोन रोलरच्या मध्ये कमी होतो. मागे जड अवजार उचललं की सगळा भार मागच्या रोलरवर जातो आणि पट्ट्याचा पुढचा भाग नुसता टेकलेला राहतो. म्हणून पुढची वजनं अवजाराप्रमाणे बदलली पाहिजेत. ट्रॅक्टर कोणताही असो, पट्ट्याचा ठसा पुढे आणि मागे सारखा उमटतो का, हे वाकून पाहा.

खालच्या थराचं गणित निराळं आहे. नांगराच्या तळाखालची माती किती दाबली जाते हे बरंचसं एकूण वजनावर ठरतं. ट्रॅक्टर २५ टनांचा असेल, तर पट्टा कितीही रुंद केला तरी तो भार खोलवर पोचतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पट्ट्यांचा ट्रॅक्टर रुतत नाही, म्हणून लोक वाफसा यायच्या आधीच रानात उतरतात. ट्रॅक्टर तरंगत निघून जातो, आणि त्याच्या मागून धान्याची भरलेली ट्रॉली अरुंद, कडक टायरांवर त्याच ओल्या रानातून जाते. जमिनीचं नुकसान ती ट्रॉली करते. पट्ट्यांवर एवढा खर्च करणार असाल, तर त्यातला थोडा मागच्या ट्रॉलीच्या टायरांसाठी राखून ठेवा. आणि मूठभर माती वळून तिचा गोळा होत असेल तर त्या दिवशी थांबा.

प्रश्न: वेगवेगळ्या कंपन्यांची अश्वशक्ती कशी ताडून पाहायची? सगळे आकडे सारखेच वाटतात.

इंजिनाची अश्वशक्ती बाजूला ठेवा आणि हुकावर मिळणारी ओढ विचारा. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९२० पासून ट्रॅक्टर तपासले जातात, आणि त्या अहवालांत कंपनीच्या दाव्याऐवजी मोजलेली ओढ, वेग, घसरण आणि इंधन असतं. एकाच वजनगटातल्या दोन ट्रॅक्टरांचे अहवाल शेजारी ठेवा आणि सारख्या ओढीला इंधन किती लागलं ते पाहा.

हे अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. चाचणी काँक्रीटवर होते. कमाल ओढ मोजताना चाकांच्या ट्रॅक्टरला १५ टक्क्यांपर्यंत घसरण चालते, पट्ट्यांच्या ट्रॅक्टरला ७ टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे चाक आणि पट्टा यांची तुलना या आकड्यांवरून करू नका. काँक्रीटवर चाकही चांगलं पकडतं, पट्ट्याची खरी कमाई मोकळ्या मातीत होते. समजा घसरण नसती तर ताशी १० किलोमीटर वेग मिळाला असता. १२ टक्के घसरणारं चाक ८.८ किलोमीटर जाईल, ४ टक्के घसरणारा पट्टा ९.६. तेवढ्याच वेळात ९ टक्के जास्त रान. त्यातला काही भाग पट्टा स्वतः फिरवण्यातच खर्च होतो, म्हणून हलक्या कामात हा फायदा उरत नाही. जड कामात उरतो.

पट्टा विरुद्ध पट्टा अशी तुलना मात्र या अहवालांवरून बिनधास्त करा.

प्रश्न: उताराच्या फळबागेसाठी लहान ट्रॅक्टर हवा आहे. त्यात पट्टे मिळतात का?

मिळतात, आणि तिथे लोखंडी साखळीचा ट्रॅक्टर अजूनही राजा आहे. न्यू हॉलंडची टीके ४ मालिका आणि लँडिनीचा ट्रेकर हे ठेंगणे, अरुंद, अशाच जागांसाठी केलेले. आडव्या उतारावर ते घट्ट धरून उभे राहतात. डांबरावर न्यायचे असतील तर ट्रेलर लागेल. सीट, सीटबेल्ट आणि उलटला तर वाचवणारी चौकट या तिन्हींशिवाय उतारावर कोणतंही यंत्र चालवू देऊ नका, ते कोणत्याही कंपनीचं असो.

प्रश्न: वापरलेला घ्यायचा आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, सारख्याच तासांचे ट्रॅक्टर बघितले आहेत. कसा निवडू?

मीटरवरचे तास सारखे असले तरी पट्ट्यांचे तास सारखे नसतात. पट्टे कधी बदलले, सगळे एकदम बदलले का, ते विचारा. दोन पट्ट्यांच्या ट्रॅक्टरवर एक नवा आणि एक जुना असेल, तर घेर वेगळा होतो आणि यंत्र एका बाजूला ओढतं.

मग बाहेरचे खूर बघा. खुरांची पुढची कड झिजली असेल तर यंत्र शेतात ओढीवर राबलं आहे, ते ठीक. खूर सपाट आणि गुळगुळीत घासलेले असतील तर ते रस्त्यावर पळवलं आहे, आणि मग आतले दात जास्त बारकाईने बघा. पट्ट्याच्या कडेला पोलादी तारा उघड्या पडल्या असतील तर सौदा सोडा. तारेपर्यंत पाणी गेलं की ती आतून गंजत जाते आणि पट्टा कोणतीही सूचना न देता तुटतो.

त्यानंतर यंत्र अर्धा तास रस्त्यावर चालवायला लावा. थांबल्याबरोबर तापमान मोजायचं उपकरण घेऊन प्रत्येक रोलरच्या हबचा आकडा लिहा. सगळे जवळपास सारखे असले पाहिजेत. एखादा बराच गरम असेल तर त्याचं बेअरिंग जात आलं आहे. हबच्या काचेतून तेल दिसतं का, ते दुधाळ आहे का, रोलरचं रबर धातूपासून सुटलं आहे का, पट्टा ताणणाऱ्या सिलिंडरवर ओल आहे का, हे बसून पाहा. चार पट्ट्यांचा असेल तर मधल्या सांध्यात लांब पहार घालून वरखाली हलवा. दोन पट्ट्यांचा असेल तर जड अवजार लावून दोन्ही बाजूंना वळवून बघा. एका बाजूला वळताना स्टीअरिंगच्या पंपाचा आवाज बदलत असेल, तर दुरुस्ती मोठी आहे.

हे सगळं दोन्ही यंत्रांवर सारखंच उतरलं, तर ज्याचे पट्टे त्याच मापात एकापेक्षा जास्त उत्पादकांकडून मिळतात ते यंत्र घ्या. सौदा करण्याआधी पट्टा-विक्रेत्याला फोन करून रुंदी, दातांमधलं अंतर आणि पुरवठ्याला लागणारे दिवस विचारून घ्या.